दहा शेअरवाल्या बाईचा प्रश्न

अध्यक्षांना पगार किती मिळतो, आणि त्या पगारात ते नेमकं काम काय करतात? ‘द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’ या १९५६ सालच्या अमेरिकी चित्रपटाची सगळी गोष्ट या साध्या प्रश्नातून सुरू होते. एका अवाढव्य कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा चालू आहे. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, मंजूर, पुढचा ठराव, असं सगळं भराभर चाललेलं. तेवढ्यात खुर्च्यांमधून एक बाई उठते. लॉरा पार्ट्रिज हे तिचं नाव. रंगभूमीवर फारशी कामं न मिळालेली ही अभिनेत्री, आणि कंपनीचे दहा शेअर तिच्या नावावर. तिला ताळेबंद वाचता येत नाही. समोर बसलेल्या माणसांना आपण किती पैसे देतो आणि कशासाठी, एवढंच तिला समजून घ्यायचं आहे. उत्तर कुणाकडेच नसतं, कारण हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो.

हा सिनेमा मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या कृष्णधवल विनोदी सिनेमांची गोडी त्यात आहेच, पण एवढंच असतं तर त्यावर लिहायला बसलो नसतो. बड्या कंपन्यांची टिंगल करणारे सिनेमे पुष्कळ निघाले. त्यांतले बहुतेक दुष्ट मालकावर आणि बिचाऱ्या कारकुनावर थांबतात. या सिनेमाने बोट ठेवलं ते कंपनी नावाच्या यंत्रातल्या नेमक्या एका सांध्यावर: सर्वसाधारण सभा, तिथला प्रश्न आणि मतदानाची प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायला दुसऱ्याला लिहून दिलेला अधिकार. आज भारतात कोट्यवधी माणसं शेअरधारक होत असताना हाच सांधा गंजत चालला आहे, आणि त्याची चर्चा जवळपास कुठेच होत नाही.

गोष्ट पुढे अशी जाते. या बाईला गप्प कसं करायचं म्हणून संचालक तिला नोकरीच देऊन टाकतात. छोट्या भागधारकांशी संबंध ठेवण्याचं खातं. खोली मिळते, टेबल मिळतं, सेक्रेटरी मिळते. काम मात्र काही नाही. लॉरा ते पद खरं मानते आणि पत्रं लिहायला लागते. गावोगावच्या पाच-दहा शेअरवाल्यांना ती विचारते, तुम्ही कसे आहात, घरचे कसे आहेत. त्यांची उत्तरं येतात, उत्तरांना पुन्हा उत्तरं जातात. संचालकांना हा निरुपद्रवी वेडेपणा वाटतो. इकडे एका संचालकाच्या मेहुण्याला, काही येत नसताना, मोठ्या जागेवर बसवलेलं असतं. हा मेहुणा घड्याळं बनवणाऱ्या एका प्रतिस्पर्धी कंपनीचं दिवाळं काढतो, आणि मग कळतं की ती कंपनीसुद्धा आपल्याच मालकीची होती. कंपनी इतकी मोठी झाली आहे की वरच्या माणसांना तिच्यात काय काय आहे हेच ठाऊक नाही. कारभाराच्या बेफिकिरीवर इतका नेमका घाव मी क्वचितच कुठल्या सिनेमात पाहिला आहे.

शेवटी पुन्हा सभा. संचालकांनी दरवर्षीप्रमाणे प्रॉक्सी गोळा केल्या आहेत, असा त्यांचा समज. पण या वर्षी छोट्या भागधारकांनी आपल्या मतांचे कागद लॉराच्या नावाने धाडलेले असतात. ज्या बाईने आपल्याला पत्र लिहिलं, आपली विचारपूस केली, तिच्यावर त्यांनी विश्वास टाकला. मोजणी होते आणि अख्खं संचालक मंडळ घरी जातं.

यातली प्रेमकथा सिनेमाने आणली. मूळ नाटक जॉर्ज कॉफमन आणि हॉवर्ड टाइकमन यांचं, १९५३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेलं. त्यात ही भूमिका जोसेफिन हल करत होत्या आणि त्यांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. दिग्दर्शक रिचर्ड क्वाइन आणि पटकथाकार एब बरोज यांच्या सिनेमात तिथे पस्तिशीची जूडी हॉलिडे आली. मग कंपनी स्थापन करणारा, आता सरकारी पदासाठी वॉशिंग्टनला गेलेला मॅकीव्हर तिच्या प्रेमात पडणं ओघानं आलं. पॉल डग्लसने रंगवलेला हा धिप्पाड उद्योगपती तिच्यासमोर रोमन गुलामांचा बंडखोर नेता स्पार्टाकसचं भाषण हावभावांसह म्हणून दाखवतो, तो प्रसंग अतिशय लोभस आहे. नाटकाचे काही चाहते म्हणतील की प्रेमामुळे टीकेची धार गेली. मला तसं वाटत नाही. लॉरा मॅकीव्हरला जिंकते आणि हजारो अनोळखी भागधारकांना जिंकते, ते एकाच स्वभावाच्या बळावर. ती समोरच्याची मनापासून चौकशी करते आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबते. सभेतलं तिचं वागणं आणि तिचं प्रेम यांत फरक नाही, म्हणूनच तिचा विजय पटतो.

भूमिकेसाठी जूडी हॉलिडेची निवड होण्यालाही एक अर्थ आहे. कम्युनिस्टांच्या नावाने अमेरिकेत चौकश्यांचं सत्र चालू होतं तेव्हा, १९५२ साली, तिला सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे उभं केलं गेलं. ऑस्कर मिळवलेली ही अत्यंत हुशार बाई तिथे आपल्या सिनेमातल्या भोळ्या नायिकेसारखी बोलली आणि तिने एकाही सहकाऱ्याचं नाव घेतलं नाही. चार वर्षांनी तीच अभिनेत्री पडद्यावर बड्या माणसांपुढे उभी राहून भोळे दिसणारे प्रश्न विचारते. त्या भोळेपणात केवढी ताकद असते, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

हे सगळं कल्पनेतून आलं असंही नाही. १९५३च्या जानेवारीत जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांना संरक्षण मंत्री नेमण्यावरून सिनेटमध्ये वाद झाला. जे देशाच्या हिताचं ते जनरल मोटर्सच्या हिताचं आणि उलटही खरं, या अर्थाचं त्यांचं विधान तेव्हापासून गाजतं आहे. त्यांना आपले शेअर विकावे लागले, जसे सिनेमात मॅकीव्हरला विकावे लागतात. लॉरासारखी माणसंही खरोखर होती. विल्मा सॉस या बाईने १९४७ मध्ये महिला भागधारकांची संघटना काढली. संचालक मंडळात बायका का नाहीत, असं ती सभांमधून विचारायची, आणि व्यवस्थापनाचे विचार किती जुने आहेत हे दाखवायला यूएस स्टीलच्या सभेला एकोणिसाव्या शतकातला पोशाख घालून गेली होती. लुईस आणि जॉन गिल्बर्ट हे भाऊ शेकडो कंपन्यांमध्ये थोडे थोडे शेअर बाळगून सभांना हजर राहायचे. जॉन गिल्बर्टकडे ट्रान्सअमेरिका या कंपनीचे अवघे १७ शेअर होते. लेखापरीक्षकांची निवड भागधारकांनी करावी, असे त्याचे प्रस्ताव सभेपुढे ठेवायला कंपनीने नकार दिला, तेव्हा अमेरिकेच्या रोखे आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९४७ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला. म्हणजे सतरा शेअरवाल्याचा प्रश्न सभेपुढे यावा म्हणून सरकारी यंत्रणा उभी राहिली! १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने सामान्य माणसाला अमेरिकी उद्योगांत हिस्सा घेण्याचं आवाहन करणारी मोठी जाहिरात मोहीम चालवली. तुम्ही मालक व्हा, असं लोकांना सांगितलं जात होतं. सिनेमाने पुढचा प्रश्न विचारला: मालक झालो, आता मालकासारखं वागू द्याल का?

तोच प्रश्न आज आपल्याकडे विचारायला हवा. भारतातल्या डीमॅट खात्यांनी, म्हणजे शेअर ठेवण्याच्या खात्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला आणि आकडा नंतरही वाढतच राहिला. सांगली-नांदेडची विशीतली मुलं मोबाइलवरून शेअर घेतात. त्याआधी परकीय चलन कायद्यामुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारतात शेअर विकायला काढले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात पहिल्यांदा शेअर आले. ती पिढी सभांना जायची. मरीन लाइन्सजवळच्या बिर्ला मातुश्री सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि पारशी बायका अहवालात खुणा करून आणायच्या, माइक हातात घेऊन अध्यक्षांना नावाने हाक मारून विचारायच्या. आज मालक कितीतरी पटींनी वाढले आणि विचारणारे मात्र दिसेनासे झाले.

याचं खापर लोकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे. मला दोष व्यवस्थेत दिसतो, आणि तो कायद्याच्या कलमांमध्ये दाखवता येतो. लॉरा भारतात असती तर तिचा विजय बेकायदा ठरला असता. कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालच्या नियमांनुसार एक व्यक्ती जास्तीत जास्त ५० सभासदांची प्रॉक्सी होऊ शकते, आणि त्या सगळ्यांचे मिळून शेअर मताधिकार असलेल्या भांडवलाच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. शिवाय प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा हक्कच नाही. हजारो छोट्या भागधारकांनी एका विश्वासू व्यक्तीकडे मतं सोपवायची, ही जी सिनेमाची सगळी शक्ती, ती आपल्या कायद्याने पन्नासाव्या माणसाशी तोडून टाकली आहे. करोनाकाळात, २०२० मध्ये, कंपनी व्यवहार मंत्रालयाने सभा व्हिडिओवरून घ्यायला परवानगी दिली. तेव्हा ते योग्यच होतं. नंतर मुदत वाढत गेली आणि बड्या कंपन्यांनी तीच पद्धत कायम केली. व्हिडिओ सभेत प्रॉक्सी नेमण्याची सोयच नसते. बोलायचं असेल तर आधी वक्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि किती जणांना, किती वेळ बोलू द्यायचं हे कंपनी ठरवते.

मला याहून जास्त खुपतं ते मतदानाचं वेळापत्रक. ई-व्होटिंगमुळे मतदान सोपं झालं, घरबसल्या करता येतं, हे चांगलंच. पण दूरस्थ ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होतं. ज्याने मत दिलं त्याला सभेत हजर राहता येतं, मत बदलता मात्र येत नाही. सभा सुरू होते तेव्हा बहुतेक मतं पडून गेलेली असतात. म्हणजे कुणी अगदी नेमका प्रश्न विचारला आणि अध्यक्ष निरुत्तर झाले, तरी ठरावावर त्याचा परिणाम व्हायला जागाच उरत नाही. लॉराचा प्रश्न परिणामकारक होता, कारण तिच्या प्रश्नानंतर मतमोजणी होती. आपण क्रमच उलटा करून ठेवला आहे.

या मताविरुद्ध दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी की आपल्या सभांमध्ये विचारलं काय जातं ते पाहा. अध्यक्षांवर कविता, लाभांश वाढवा, कारखाना दाखवायला न्या, भेटवस्तू द्या. हे खरं आहे. मुंबईतल्या सभांना गेलेल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही. पण हाउसिंग सोसायटीच्या सभेत पाच जण निरर्थक बोलतात म्हणून टँकरच्या बिलाचा हिशेब मागणाऱ्या सहाव्याचा माइक आपण बंद करत नाही. स्तुती करणाऱ्यांची गर्दी हे प्रश्न बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट, कुणाला आधी बोलवायचं हे व्यवस्थापनाच्या हातात असेल, तर स्तुतीची रांग लांबतच जाणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता म्युच्युअल फंड आहेत, कुठल्या ठरावावर कसं मत द्यावं हे सुचवणाऱ्या मत सल्लागार संस्था आहेत, तेच कंपन्यांवर लक्ष ठेवतात. दहा शेअरवाल्याची गरज काय? त्यांनी काम केलं आहे, हे मान्यच करायला हवं. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचे ठराव भागधारकांनी फेटाळले. २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीच्या ठरावाला आवश्यक मतं मिळाली नाहीत, आणि वेतनाची मर्यादा खाली आणून तो पुन्हा मांडावा लागला. फंडांना मतदान करणं आता शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सक्तीचं केलं आहे. पण मोठा गुंतवणूकदार आपली शंका कुठे मांडतो? कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याशी फोनवर, बंद बैठकीत. त्याच्या मताचा आकडा जाहीर होतो, त्याचा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर आपल्यापर्यंत येत नाही. शिवाय छोट्या भागधारकाला कुटुंब चालवायचं असतं, मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी घेतलेल्या शेअरांवर त्याचा जीव असतो, ती आच फंडाच्या समितीत नसते. ती असलेली माणसं वेगळं काही पाहतात. मेहुण्याची नेमणूक त्यांना आधी दिसते.

सिनेमाशी माझा मतभेद आहे तो एका मोठ्या जागी. त्याचे खलनायक आहेत पगारी संचालक, ज्यांची स्वतःची मालकी नगण्य आहे. तारणारा आहे संस्थापक, ज्याने कंपनी घडवली. अमेरिकेपुरतं ते बरोबर होतं. मालकी विखुरली आणि ताबा व्यवस्थापकांकडे गेला, हे अडॉल्फ बर्ली आणि गार्डिनर मीन्स यांनी तिथे १९३२ मध्येच दाखवलं होतं. भारतात चित्र उलटं आहे. आपल्याकडे सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत जनतेकडे २५ टक्के शेअर असले तरी पुरतात. उरलेले ७५ टक्क्यांपर्यंत प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या, कुटुंबाकडे असू शकतात. मग साध्या बहुमताचा कुठलाही ठराव ते कुटुंब सभेआधीच जिंकलेलं असतं. ज्याला सिनेमाने मुक्तिदाता केलं, त्या संस्थापकालाच, किंवा त्याच्या मुलाला आणि नातवाला, आपल्याकडे प्रश्न विचारायचे आहेत. मेहुणाही बहुधा त्याचाच असतो. चांगला मालक परत आला की सगळं ठीक होईल, ही आशा आपल्या समाजात आधीच फार खोल रुजली आहे. तिला हा सिनेमा खतपाणी घालतो. तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही.

म्हणून भारतातली लढाई संचालक मंडळ घरी पाठवण्याची नाही. प्रश्नाला उत्तर मिळवण्याची आहे, आणि जिथे छोट्यांच्या मताला खरंच वजन आहे तिथे ते वापरू देण्याची आहे. २०१३च्या कायद्यात यासाठी काही चांगली कलमं आहेत. संचालकाचा पगार कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे सूचीबद्ध कंपनीला दरवर्षी जाहीर करावं लागतं. लॉराच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. दुसरं अर्धं, म्हणजे तेवढ्या पगारात काम काय केलं, ते विचारायला मात्र माणूसच लागतो. कलम १५१ नुसार छोट्या भागधारकांचा एक संचालक मंडळावर निवडता येतो, पण कायद्याने तो ऐच्छिक ठेवला आणि कंपन्यांनी तो जवळजवळ विसरून टाकला. मोठ्या कंपन्यांना तो बंधनकारक करावा. सभेपुढे आपला प्रस्ताव ठेवायला आपल्याकडे १० टक्के मताधिकार लागतो. अमेरिकेत तीन वर्षं २,००० डॉलरचे शेअर बाळगले तरी चालतात. जॉन गिल्बर्टच्या सतरा शेअरांची सर आपल्या दहा टक्क्यांना कशी येणार? ही अट इतकी खाली यावी की काही हजार छोटे भागधारक एकत्र येऊन ती पुरी करू शकतील.

आणि प्रश्न. सभेआधी आलेला प्रत्येक प्रश्न, बोलायची पाळी मिळो वा न मिळो, कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लेखी उत्तरासह यावा, आणि ई-व्होटिंगची मुदत त्यानंतर संपावी. सभेनंतर दोन दिवस मतदान खुलं ठेवायला तंत्रज्ञानाची कुठलीच अडचण नाही. सभा व्हिडिओवर घ्या, नांदेडच्या मुलीला ती सोयीचीच आहे. पण तिला ऐकायला बसवून तिचा माइक बंद ठेवू नका.

छोट्यांच्या बेरजेला आजही खरी किंमत असलेली एक जागा आपल्याकडे आहे: संबंधितांशी होणारे मोठे व्यवहार. प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीला कर्ज द्यायचं, तिच्याकडून जमीन किंवा ब्रँड विकत घ्यायचा, अशा ठरावांना सेबीच्या नियमांनुसार संबंधित पक्ष मंजुरीचं मत देऊ शकत नाहीत. तिथे कुटुंबाचे सत्तर टक्के बाजूला ठेवून बाकीच्यांची मोजणी होते. याच ठरावांपुरती प्रॉक्सीची पन्नास माणसांची मर्यादा उठवावी, नोंदणीकृत भागधारक संघटनांना कितीही सभासदांच्या प्रॉक्सी घेऊ द्याव्यात, व्हिडिओ सभेतही त्या ग्राह्य धराव्यात आणि प्रॉक्सीला बोलण्याचा हक्क द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, असलेल्या कायद्यात आणि नियमांत थोडे बदल केले तरी भागतं. सुरुवात इथून करता येईल.